परदेशात एमबीबीएस, परवाना मात्र इथला

दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की घाटनांदूरसारख्या गावातही तीच चर्चा सुरू होते. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलेले असते, खासगी कॉलेजची फी झेपणारी नसते. तेवढ्यात कुणीतरी सांगतो, ‘‘रशियाला पाठवा, किर्गिझस्तानला पाठवा, कमी पैशांत पोरगं डॉक्टर होईल.’’ मग शेताचा तुकडा, दागिने, पतसंस्थेचे कर्ज असा हिशेब घरात मांडला जातो. आपल्या समाजात पहिल्यांदाच एवढे शिक्षण घेणारी घरे अनेक आहेत. त्यांचा हिशेब चुकला, तर सावरायला दुसरा आधार नसतो. म्हणून परदेशातून शिकून आलेला विद्यार्थी भारतात डॉक्टर कसा होतो, हे या वेळी आम्ही पायरी-पायरीने सांगत आहोत.

पदवी वेगळी, परवाना वेगळा

पदवी विद्यापीठ देते. रुग्ण तपासण्याचा परवाना देश देतो. आपल्याकडे याचे नियम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग, म्हणजे एनएमसी, ठरवतो. सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची जागा या आयोगाने घेतली. राज्यात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते.

बाहेर शिकलेल्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागते यात अपमान काही नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला डॉक्टर इंग्लंडला गेला, तर त्याला तिथली ‘प्लॅब’ परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेला गेला, तर ‘यूएसएमएलई’. दुसरीकडे शिकलेल्याच्या हाती रुग्ण सोपवण्यापूर्वी प्रत्येक देश अशी पारख करतो.

जाण्यापूर्वीच्या अटी

परदेशात एमबीबीएस करून भारतात परतायचे असेल, तर २०१८ पासून ‘नीट’ पात्र होणे सक्तीचे आहे. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षे चालतो. ‘नीट नको, थेट प्रवेश’ असे सांगणारा एजंट मुलाला तिकडे पोहोचवील. पण परत आल्यावर इथली दारे बंद असतील.

१८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी आणखी अटी घातल्या आहेत. त्या त्या तारखेनंतर प्रवेश घेणाऱ्यांना लागू आहेत:

– अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी आणि सारे शिक्षण एकाच संस्थेत व्हायला हवे.
– त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण व्हायला हवी.
– त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने, डॉक्टरकीचा परवाना मिळण्यासारखा हवा.
– प्रवेशापासून १० वर्षांच्या आत शिक्षण व प्रशिक्षण संपायला हवे.

यातली तिसरी अट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. ज्या पदवीवर त्याच देशात रुग्ण तपासता येत नाही, ती भारतातही चालत नाही. काही देशांत मुख्य वैद्यकीय शिक्षणाआधी विज्ञानाचा वेगळा अभ्यासक्रम असतो. तो काळ ५४ महिन्यांत धरला जात नाही.

‘आमचे कॉलेज एनएमसी-मान्य आहे’ ही जाहिरात नेहमी दिसते. आयोग परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही, त्यांची शिफारसही करत नाही. अटी तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच असते.

परत आल्यानंतर

पहिली पायरी एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची चाळणी परीक्षा. ती २००२ पासून होते आणि वर्षातून दोनदा घेतली जाते. एकाच दिवशी दोन भागांत मिळून ३०० प्रश्न असतात. उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत. पास होण्यासाठी १५० गुण लागतात आणि ते सर्वांना सारखेच. इथे प्रवर्गानुसार सवलत नाही. अलीकडच्या बहुतेक परीक्षांत शंभरातले सत्तरहून अधिक उमेदवार नापास झाले आहेत. प्रयत्नांवर मर्यादा नसली, तरी घरची उमेद आणि पैसा यांना मर्यादा असते.

दुसरी पायरी राज्याच्या कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी आणि भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप. कोविड किंवा युक्रेनमधील युद्धामुळे शेवटच्या वर्षी परतून ज्यांनी ऑनलाइन शिक्षण पूर्ण केले, त्यांच्यासाठी आयोगाने २०२२ मध्ये ही मुदत दोन वर्षे केली. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा पदवीधरांसाठी ७.५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवल्या आहेत. या इंटर्नशिपसाठी फी घेता येत नाही. कुणी मागितली, तर कौन्सिलकडे लेखी तक्रार करावी.

तिसरी पायरी कायम नोंदणी. ती झाल्यावरच दवाखान्यावर पाटी लावता येते. तिकडचे ५४ महिने, तिकडची इंटर्नशिप आणि इथली इंटर्नशिप मिळून कमीत कमी साडेसहा वर्षे होतात. परीक्षेच्या तयारीचा काळ वेगळा. घरच्या हिशेबात ही सगळी वर्षे धरायला हवीत.

पैशांचे आणखी काही

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहे, परदेशातील एमबीबीएससाठी नाही. तिचे नाव सांगून कुणी पैसे उकळत असेल, तर सावध राहा. राज्यातल्या महाविद्यालयांत मात्र राखीव जागा, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. काही गुणांनी प्रवेश हुकला असेल, तर वर्षभर पुन्हा ‘नीट’ची तयारी करणे, किंवा बीएएमएस, नर्सिंग यांचा विचार करणे, हे कर्जापेक्षा शहाणपणाचे ठरू शकते. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र मात्र आधीच तयार ठेवा.

रुग्ण म्हणून

हा विषय फक्त पालकांचा नाही. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्याला एनएमसी कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पाटीवर परदेशी विद्यापीठाचे नाव कितीही मोठे असो, खाली नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा ती चालू आहे का, हेही बघा.

परदेशात शिकून, या सगळ्या पायऱ्या चढून गावाकडे आलेले डॉक्टर आपल्याला हवेच आहेत. आपल्या लेकरांनी जावे, जरूर जावे. पण एजंटला पहिला हप्ता देण्याआधी वरच्या चार अटी कागदावर उतरवून घ्या, आणि प्रत्येकीपुढे त्या कॉलेजचे लेखी उत्तर मागा. तोंडी उत्तरावर शेत विकू नका.