समुपदेशकाशी सूर बिघडतो, तेव्हा...

मनावरच्या उपचारांसाठी समुपदेशकाकडे जाणारे अनेक जण उपचार मध्येच सोडून देतात आणि सोडण्याचे खरे कारण त्यांनी समुपदेशकाला सांगितलेले नसते. 'या आठवड्यात ऑफिसमध्ये काम आहे', 'घरी पाहुणे आहेत' असे निरोप दोन-तीन वेळा जातात. पुढे निरोपही जात नाहीत. मनातला सल वेगळाच असतो. मागच्या वेळी जीव मुठीत धरून सांगितलेली गोष्ट त्यांच्या लक्षातच नव्हती, बोलणे ऐन रंगात असताना त्यांची नजर घड्याळाकडे गेली किंवा रडू आवरत नसताना त्यांनी 'या आठवड्याची वही आणली का?' असे विचारले. बाहेरच्या माणसाला ही कारणे क्षुल्लक वाटतील. परंतु ज्या खोलीत माणूस आयुष्यात प्रथमच मोकळेपणाने बोलत असतो, त्या खोलीत ती क्षुल्लक राहत नाहीत.

असा बिघाड मानसशास्त्राच्या दृष्टीने जगावेगळा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याची तीन अंगे सांगितली होती : काय साधायचे यावर एकमत, ते कसे साधायचे यावर एकमत आणि दोघांमधला विश्वास. यातील एक अंग जरी दुखावले, तरी इतर दोन्ही लंगडू लागतात. पुढे न्यूयॉर्कमधील जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी या बिघाडाचाच अभ्यास हाती घेतला आणि त्याची दोन रूपे दाखवली. एकात व्यक्ती उघडपणे नाराजी व्यक्त करते, तर दुसऱ्यात ती मिटून जाते. 'हो, बरोबर आहे' म्हणत विषय बदलते. समुपदेशकाला पहिले रूप झोंबते. पण दुसरे अधिक फसवे, कारण वरकरणी सारे सुरळीत चाललेले दिसते. सुमारे ३०० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशकाशी सूर जितका चांगला, तितका उपचाराचा परिणाम चांगला, असा कल त्यात आढळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात, बिघडलेले नाते सावरले गेले तेथेही परिणाम चांगले दिसले.

आपल्याकडे मिटून जाण्याचे रूप सहज खपून जाते. समुपदेशकाला 'सर', 'मॅडम' किंवा 'डॉक्टर' म्हणण्याची पद्धत असल्याने त्यांच्यापुढे नापसंती बोलून दाखवणे म्हणजे उलट उत्तर देणे, असे वाटते. अर्थात ही भीड केवळ भारतीय नव्हे. कॅनडातील संशोधक डेव्हिड रेनी यांनी १९९४ मध्ये हेच नोंदवले होते, की उपचार घेणारे लोक समुपदेशकाचा मान राखण्यासाठी आपली नाराजी गिळतात.

न बोललेल्या नाराजीची किंमत काय, याचे उदाहरण या शास्त्राच्या आरंभीच सापडते. 'डोरा' या टोपणनावाने ओळखली जाणारी अठरा वर्षांची तरुणी व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे उपचार घेत होती. ३१ डिसेंबर १९०० रोजी, जेमतेम तीन महिन्यांत, तिने उपचार थांबवले. इतरांविषयीचा राग आणि अविश्वास ती आपल्यावर आरोपित करीत होती, हे वेळीच ओळखता आले नाही, अशी कबुली फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात दिली. तिच्या बाजूने पाहता, तिचे म्हणणे ऐकण्यापेक्षा त्याचा अर्थ लावण्याचीच घाई त्यांना अधिक होती, अशीही टीका पुढे झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. समुपदेशक खरोखर चुकलेला असतो आणि ती चूक जुन्या जखमेवरच नेमकी बसलेली असते.

म्हणूनच नाराजी बोलून दाखवणे हा उपचारातला व्यत्यय नव्हे, तर उपचाराचाच भाग ठरतो. ते कसे करावे? सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे, आरंभीच विषय काढावा. 'तुमचे माझ्याकडे लक्ष नसते' अशा सरसकट आरोपापेक्षा 'मागच्या वेळी तुम्ही अमुक म्हणालात, तेव्हा मला एकटे वाटले' हे वाक्य अधिक उपयोगी पडते. तोंडी जमत नसेल, तर चार ओळी लिहून नेऊन वाचून दाखवाव्यात. भाषेचा अडसर असेल, तर तोही सांगावा. आईविषयीचा राग इंग्रजीत सांगताना त्याची धारच बोथट होते, हा अनेक मराठी माणसांचा अनुभव असेल. पुढचे काम समुपदेशकाचे. तो बचावाच्या पवित्र्यात न जाता 'आणखी सांगा' म्हणतो, की चूक रुग्णाच्याच आजाराच्या खात्यात टाकतो, यावरून बरेच काही कळते.

एक तिढा मात्र आपल्या घरांमधलाच आहे. मुलगी किंवा सून समुपदेशकाकडे जाते आणि घरचे वडीलधारे परस्पर फोन करून 'काय म्हणते ती?' असे विचारतात. समुपदेशकाने सौजन्यापोटी दोन वाक्ये जरी सांगितली, तरी विश्वास तुटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद वगळता संमतीविना माहिती बाहेर जाऊ नये. कोणाला काय सांगितले गेले, हे थेट विचारण्यात संकोच नको.

प्रत्येक नाते सांधण्याजोगे असतेच असे नाही. लैंगिक स्वरूपाची जवळीक, धमकावणे, पैशांचे खासगी व्यवहार किंवा मुद्दाम केलेला गोपनीयतेचा भंग, अशा वेळी चर्चा करीत बसण्याचे कारण नाही. उपचार थांबवून तक्रार करावी. इतर बाबतीत दोन-तीन सत्रे मोकळेपणाने बोलूनही काही हलले नाही, तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जाण्यात कृतघ्नता नाही. त्याआधी एक निरोपाचे सत्र घ्यावे आणि उपचारांच्या नोंदी मागून घ्याव्यात, म्हणजे नव्या ठिकाणी सारे पहिल्यापासून सांगावे लागत नाही. मधल्या काळात आधार हवा असेल, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे. मनोविकारतज्ज्ञांनी औषधे दिलेली असतील, तर समुपदेशकावरच्या रागाच्या भरात तीही बंद करू नयेत. ती कमी करायची वा थांबवायची असल्यास औषध देणाऱ्या डॉक्टरांशीच बोलावे.