वॉशिंग्टनचे भांडण आणि गावची बातमी

माझा एक जुना विद्यार्थी बरीच वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. तिकडच्या राजकारणाचा विषय निघाला आणि तो थांबेचना. अध्यक्षांनी मध्यरात्री फोनवरून काय लिहिले, त्यावर कोणता सेनेटर उसळला, कोणत्या न्यायाधीशाला कोणी नेमले होते, सारे त्याला मुखोद्गत होते. सहज म्हणून मी विचारले, "तुमच्या गावच्या शाळामंडळावर कोण आहे रे? तुझ्या घरपट्टीतला मोठा वाटा तिकडेच जात असेल ना?" तो थबकला. "ते काही ठाऊक नाही, सर. आमचं वर्तमानपत्र बंद पडलं."

त्याने हे ओशाळून सांगितले. पण अमेरिकेच्या राजकारणाविषयी जे ढीगभर वाचावयास मिळते त्याहून मला ते उत्तर अधिक बोलके वाटले. (त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता. निवडणुकीच्या वेळी पेनसिल्व्हेनियातील परगण्यांचे आकडे जागून पाहणाऱ्यांपैकी मीही एक आहे, आणि माझ्या प्रभागासाठी अंदाजपत्रकात काय तरतूद आहे हे मलाही सांगता यावयाचे नाही.)

अमेरिकेतील दुहीचे खापर सामान्यतः फेसबुक, यूट्यूब आणि एक्स यांच्या माथी फोडले जाते. ते अगदीच चुकीचे नाही. तथापि भडक प्रचाराची वाट त्यापूर्वीच मोकळी झाली होती. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांनी मांडल्या पाहिजेत, हा १९४९ पासूनचा दंडक १९८७ मध्ये रद्द झाला. आणि इतरांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळांवर टाकता येणार नाही, असे १९९६ च्या कायद्याने ठरविले. या गोष्टींची चर्चा पुष्कळ झाली आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र आधी जमाखर्चाची वही उघडावीशी वाटते.

गावचे वर्तमानपत्र चालत होते तरी कशावर? नगरपालिकेच्या सभेचा वृत्तांत वाचण्यासाठी पैसे मोजणारे वाचक थोडेच असतात. जुनी मोटार विकणे आहे, खोली भाड्याने देणे आहे, कारकून पाहिजे, अशा छोट्या जाहिराती आणि दुकानदारांच्या मोठ्या जाहिराती यांच्या पैशावर सभागृहाच्या मागच्या बाकावर पेंगत बसणारा बातमीदार पोसला जात होता. त्याचा उपयोग त्याच्या लिहिण्याइतकाच त्याच्या नुसत्या बसण्यातही होता. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी क्रेग्जलिस्ट सुरू केली आणि पुढे तेथे छोट्या जाहिराती बहुतांशी फुकट देता येऊ लागल्या. मोठ्या जाहिराती नंतर गूगल व फेसबुक यांनी नेल्या. २००५ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांचे जाहिरातींचे उत्पन्न सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२० मध्ये ते १० अब्जांच्याही खाली आले. २००५ साली निघत असलेल्या पत्रांपैकी एकतृतीयांशाहून अधिक आज बंद आहेत. डेन्व्हरचे 'रॉकी माउंटन न्यूज' २००९ मध्ये गेले, ओहायोतील यंग्जटाउनचे 'व्हिंडिकेटर' २०१९ मध्ये. दोन्ही दीडशे वर्षांच्या घरातली.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. मोटार विकणाऱ्याचे चार डॉलर वाचले. त्या चार डॉलरांत आणखी काय काय भागत होते, हे कोणाच्याच हिशेबात नव्हते.

ते पुढे दिसले. लॉस एंजलिसजवळच्या बेल या सदतीस हजार वस्तीच्या गरीब गावाच्या प्रशासकाचे वार्षिक वेतन जवळजवळ आठ लाख डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षाच्या सुमारे दुप्पट, झाले होते. २०१० मध्ये 'लॉस एंजलिस टाइम्स'चे दोन बातमीदार शेजारच्या गावाची चौकशी करीत असता त्यांना याचा सुगावा लागला! २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळ जॉर्ज सँटोस नामक गृहस्थ बनावट चरित्राच्या बळावर प्रतिनिधिगृहात निवडून आले. 'नॉर्थ शोअर लीडर' या स्थानिक साप्ताहिकाने मतदानापूर्वीच शंका उपस्थित केली होती. ती उचलून धरावयास आसपास कोणी उरले नव्हते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा वृत्तांत डिसेंबरात, निकालानंतर आला. बाजारालाही हे कळते. अभ्यासकांच्या नावांत न शिरता एवढेच सांगतो, की २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार वर्तमानपत्र बंद पडल्यावर त्या परिसरातील स्थानिक संस्थांच्या कर्जरोख्यांवरील व्याज एका टक्क्याच्या पाच ते अकरा शतांशांनी वाढले. हा फरक क्षुल्लक वाटेल; पण एकदशांश टक्का म्हणजे दहा कोटी डॉलरच्या कर्जावर दरसाल एक लाख डॉलर, आणि तो भरणार करदाता.

रिकामी झालेली जागा वॉशिंग्टनच्या भांडणाने भरली. त्याचेही कारण खर्चात आहे. यंग्जटाउनच्या सभेचा वृत्तांत काही हजार लोकांच्या कामाचा. अध्यक्षांवरची एक जळजळीत टिप्पणी एकदा लिहिली की तेहतीस कोटींना पुरते, आणि पुढच्या प्रत्येक वाचकामागे खर्च जवळजवळ शून्य. मग गावचा उमेदवारही त्याच चष्म्यातून पाहिला जातो. २०१६ मध्ये सेनेटच्या प्रत्येक जागेचा निकाल त्या त्या राज्यातील अध्यक्षीय निकालाच्याच पक्षाकडे गेला. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

जुन्या वर्तमानपत्रांची आरती ओवाळण्याचा माझा विचार नाही. केंटकीतील लेक्सिंग्टनच्या पत्राने, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीकडे आपण दुर्लक्ष केले, अशी जाहीर कबुली २००४ मध्ये दिली. मे २०२० मध्ये मिनीॲपोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू जगाला दिसला तो सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर टिपलेल्या चित्रफितीमुळे आणि ती समाजमाध्यमांवर पसरल्यामुळे. तरीही नगरपालिकेच्या मागच्या बाकावर रोज बसण्याचे काम असल्या योगायोगावर सोडता येत नाही.

कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्जच्या 'डेझर्ट सन'ने जुलै २०१९ मध्ये एक गमतीचा प्रयोग केला. महिनाभर मतांच्या पानावरून राष्ट्रीय राजकारण हद्दपार केले. वाचकांनी रहदारी, उद्याने, जुन्या इमारतींचे जतन यांवर लिहिले. दुसऱ्या एका पत्राच्या वाचकांशी तुलना करता येथील लोकांत पक्षीय दुरावा कमी वेगाने वाढला, असे अभ्यासकांना आढळले. अशाच पानावर बसून वॉशिंग्टनविषयी लिहिणाऱ्या मला हे वाचून थोडे अवघडल्यासारखे झाले, हे कबूल करतो.

परंतु प्रयोग करावयास आधी वर्तमानपत्र हवे, आणि त्याला पैसा हवा. मॅकआर्थर प्रतिष्ठानच्या पुढाकाराने काही दात्यांनी २०२३ मध्ये स्थानिक वृत्तकार्यासाठी पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. म्हणजे वर्षाला १० कोटी. बुडालेले जाहिरात-उत्पन्न वर्षाला ४,००० कोटींच्या घरात आहे. सरकारी मदतीचे नाव काढताच अमेरिकेत अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु त्याच प्रजासत्ताकाने १७९२ च्या टपाल कायद्यान्वये वर्तमानपत्र शंभर मैलांपर्यंत एका सेंटात पोहोचविण्याची सोय केली होती. साध्या पत्राला त्या वेळी किमान सहा सेंट पडत.