खाकी रोजंदारीवर

अनंत चतुर्दशीच्या रात्री चौकात दोर धरून उभा असलेला खाकीतला माणूस बहुधा पोलीस नसतो. डीजेच्या भिंतीसमोर कानात कापसाचे बोळे घालून तो सकाळपासून उभा असतो. एखादा मोटारसायकलवाला त्याच्याशी हुज्जत घालतो, मग त्याच्या खांद्यावरची अक्षरे वाचतो आणि ‘होमगार्ड होय!’ म्हणत गाडी पुढे दामटतो. त्या ‘होय’मध्ये जे काही असते, ते ऐकायची या माणसाला सवय झालेली असते.

खरे तर कायदा त्या मोटारसायकलवाल्याच्या बाजूने नाही. मुंबई होमगार्ड अधिनियम १९४७ सालचा. त्यानुसार कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाचेच अधिकार आणि पोलिसाचेच संरक्षण असते. तो लोकसेवक ठरतो. उलट, बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय तो आला नाही, तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. जबाबदारी आली की तो पोलीस असतो. पगाराचा विषय निघाला की मात्र तो स्वयंसेवक होतो. सरकारी भाषेत ‘मानसेवी’.

या शब्दाला त्याच्या काळी अर्थ होता. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत हे दल उभे राहिले, तेव्हा शहर दंगलींनी पेटलेले होते आणि मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. दुकानदार, कारकून, मास्तर अशा पोट भरण्याची सोय असलेल्या नागरिकांनी संध्याकाळी कवायत करावी आणि गरज पडली की पोलिसांच्या मदतीला जावे, अशी ती कल्पना होती. भत्ता होता तो चहापाणी आणि गाडीभाड्याइतका. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने सगळ्या राज्यांतल्या अशा दलांना एका साच्यात बसवले. ब्रीदवाक्य ठेवले ‘निष्काम सेवा’.

आज नोंदणीच्या रांगेत कोण उभे असते ते पाहा. अट दहावी उत्तीर्णची, पण पदवीधरही येतात. १६०० मीटर धावतात, गोळा फेकतात. शेतात पाणी नसलेला शेतकरी असतो, रंगकाम करणारा असतो, शिलाई करून घर चालवणारी बाई असते. कोणाला सेवेची हौस नसते असे नाही. पण ‘ड्युटी लागली का?’ हा प्रश्न त्या घरात ज्या सुरात विचारला जातो, तो रोजगार हमीच्या कामाबद्दल विचारण्याचाच सूर आहे. निष्काम या शब्दाचा गीतेतला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ड्युटी नसलेल्या महिन्यात त्याचा दुसरा, अगदी शब्दशः अर्थही कळतो.

पैशाच्या बाबतीत न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये एक पाऊल टाकले. हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्यास नकार दिला. ते नियमित नोकर नाहीत, हे सरकारचे म्हणणे मान्य केले. मात्र पोलिसांचे अधिकार देऊन काम करून घेता, तर रोजचा भत्ता असा ठेवा की तीस दिवसांची बेरीज पोलिसाच्या किमान पगाराइतकी होईल, असे बजावले. महाराष्ट्रात ही गोष्ट उशिरा पोचली. २०१९ मध्ये कर्तव्य भत्ता ३०० वरून ५७० झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १०८३ रुपये. हा १०८३ चा विचित्र आकडा कुठून आला? तिसाने गुणा. येतात ३२,४९०. पोलीस शिपायाच्या २१,७०० मूळ वेतनात त्या वेळचा ५० टक्के महागाई भत्ता मिळवला तर जवळजवळ तेवढेच होतात. निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही.

गणित बरोबर आहे. पण तीस दिवस ड्युटी मिळते कोणाला? वर्षाला १८० दिवस काम देऊ, असे २०१९ मध्ये ठरले होते. ते पूर्ण मिळाले असे धरले, तरी आजच्या दराने वर्षाचे १,९४,९४० रुपये होतात, म्हणजे महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. पण २०२० च्या सुरुवातीलाच निधी नाही म्हणून ड्युट्या थांबवण्याची वेळ आली होती. दर शासन ठरवते आणि दिवसही शासनच ठरवते. एक वाढवून दुसरे कमी केले, तर खर्च जागच्या जागी राहतो.

उत्तर प्रदेशात हे उघड उघड घडले. न्यायालयाच्या आदेशाने तिथे रोज ५०० वरून ६७२ वर गेला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये पोलीस खात्याने अंदाजपत्रकाकडे बोट दाखवत सुमारे २५,००० होमगार्डांच्या ड्युट्या बंद करण्याचा आदेश काढला. दिवाळी तोंडावर होती. गदारोळ झाला, तेव्हा कोणालाही घरी बसवणार नाही, असे होमगार्ड मंत्र्यांना सांगावे लागले.

इतर सोयींची यादी छोटीच आहे. भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. नियुक्ती तीन वर्षांची, मग पुनर्नोंदणी. खासगी मालक अशा माणसाला कायमचा ठेवत नाही, कारण गणपती, नवरात्र, निवडणूक असे ऐन कामाचे दिवस तो गैरहजर असणार. मोबाइलवर निरोप येतो आणि उद्या सकाळी ठाण्यात हजर व्हायचे असते, कधी थेट परराज्यात निवडणुकीला. बाईमाणूस असेल तर बंदोबस्ताच्या ठिकाणी शौचालय कुठे, हा पहिला प्रश्न. तो कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही.

तरुण पोरे येतात ती पोलीस भरतीतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी. त्यातही एक मेख आहे. त्या जागांसाठी आधी तीन वर्षांची सेवा लागते आणि शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. होमगार्डमध्ये मात्र पन्नाशीपर्यंत घेतात. म्हणजे खुल्या प्रवर्गातला मुलगा सव्विसाव्या वर्षी आला, तर तीन वर्षे भरेपर्यंत ते दार बंद झालेले असते. नोंदणीच्या वेळी हे त्याला कोणी सांगितले असेल, तर उत्तम.

अशक्य असे यात काही मागायचे नाही. दर महागाई भत्त्याशी बांधून टाका, म्हणजे पाच-सहा वर्षांनी मोर्चा काढावा लागणार नाही. किमान दिवस नियमात लिहा आणि ते देता आले नाहीत तर त्याची काही भरपाई ठेवा. पैसे बंदोबस्त संपल्यावर किती दिवसांत जमा होतील, ते ठरवा. वीस वर्षे उन्हात उभे राहून वय झालेल्याला एकरकमी काहीतरी द्या. कायम नोकरीचा वाद न्यायालयांत चालू राहील तो राहील.

तूर्त नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताच्या बैठका सुरू आहेत. २०२७ चे शाहीस्नान आहे, ड्युट्या भरपूर लागणार, असे होमगार्ड एकमेकांना सांगतात. सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतो.