उजवे मागचे चाक, पाच सेंटिमीटर आत

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाने मला अमेरिकेतल्या मातीवरच्या मोटार शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. आयोवा राज्यात नॉक्सव्हिल रेसवे नावाचा अर्ध्या मैलाचा अंडाकृती मातीचा ट्रॅक आहे. १९६१ पासून तिथे ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ ही स्प्रिंट कारची स्पर्धा भरते. या गाड्या फक्त डावीकडे वळतात, आणि त्याही मागचा भाग बाहेर घसरवत. एका ठिकाणी मेकॅनिक उजवे मागचे चाक थोडे आत सरकवून बसवत होता. मी विचारले, “हे कशाला?” दादा म्हणाला, “गाडी फार घसरते म्हणून.” मला पटेना. चाक आत घेतले की गाडी अरुंद होते, मग ती जास्त घट्ट कशी धरेल? त्यातून दादा स्वतःच्या जीपला स्पेसर लावून चाके बाहेर काढायच्या बेतात होता. दोघांपैकी बरोबर कोण?

शाळेत परतल्यावर अकरावीच्या भौतिकशास्त्रात बलाचे आघूर्ण शिकलो, सरांना प्रश्न विचारले आणि उलगडा झाला.

आधी ऑफसेट समजून घेऊ. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा कल्पा. चाकाचा जो भाग हबला टेकतो, तो या रेषेपासून जितका आत किंवा बाहेर, तितका ऑफसेट. टेकणारा भाग बाहेरच्या बाजूला असेल तर चाक गाडीच्या आत बसते, आतल्या बाजूला असेल तर बाहेर येते. मातीवरच्या अनेक गाड्यांत यासाठी वेगळ्या ऑफसेटचे चाक लावतात. स्प्रिंट कारमध्ये खाचांच्या अ‍ॅक्सलवर स्पेसरची जागा बदलून चाकच सरकवतात.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते सोपे घेतले आहेत. मागच्या अ‍ॅक्सलवर ४०० किलो भार आहे. दोन चाकांत १५० सेंटिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, म्हणजे प्रत्येक चाकावर २०० किलो. उजवे चाक ५ सेंटिमीटर आत घेतले की ते मध्यापासून ७० वर येते, डावे ७५ वरच राहते. आघूर्णाच्या नियमाने उजव्यावर ४०० × ७५ ÷ १४५, म्हणजे सुमारे २०७ किलो येतात आणि डाव्यावर १९३ उरतात. सीसॉवर जो मध्याच्या जवळ बसतो त्याच्या बाजूला जास्त भार लागतो, तसेच हे.

गाडी डावीकडे वळताना भार उजवीकडे झुकतो. वळणाचे बल २०० किलोइतके आणि गुरुत्वमध्याची उंची ४० सेंटिमीटर धरली, तर आधी सुमारे ५३ किलो उजव्या चाकाकडे जात होते, आता ५५ जातात. म्हणजे वळणात उजव्या चाकावर २५३ ऐवजी २६२ किलो.

एवढ्या ९ किलोंनी काय होते? शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारतात, तेव्हा माती ओलसर आणि चिकट असते. जसजशा शर्यती होतात तसतशी ती वाळते आणि घासून गुळगुळीत होते. अशा मातीत टायरच्या कडा रुतायला वरून दाब लागतो. उजवे चाक आत घेतल्यावर तो दाब वाढतो. दुसरेही एक कारण आहे. या गाड्यांना मागे डिफरन्शियल नसते, दोन्ही चाके एकाच अ‍ॅक्सलला पक्की असतात. उजव्या चाकाचा जोर गाडीचे तोंड डावीकडे फिरवतो. चाक मध्याजवळ आले की ही तरफ आखूड होते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी कमी गरगरते.

मग ते कायम आतच का ठेवत नाहीत? कारण चिकट मातीत पकड आधीच भरपूर असते. तिथे अरुंद गाडी डावी चाके उचलते आणि उलटूही शकते. म्हणून ओल्या ट्रॅकवर चाक बाहेर, वाळल्यावर आत. फुकटात काहीच मिळत नाही. एका बाजूने घेतले की दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली: एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. चाक, टायरची हवा आणि स्प्रिंग एकदम बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही.

रविवारी फोनवर दादाला जीपचा हिशोब सांगितला. चाके बाहेर काढली की गाडी रुंद होते हे खरे. पण एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि ते ३ सेंटिमीटर बाहेर गेले, तर बेअरिंगला वाकवणारे आघूर्ण ९०० किलो-सेंटिमीटरने वाढते. कंपनीने बेअरिंग निवडताना हे धरलेले नसते. पुढच्या चाकांत तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगवर जास्त येतो. शर्यतीची गाडी शर्यतीगणिक उघडून तपासतात. आमच्या जीपमध्ये आई-बाबा बसतात, आणि ती सर्व्हिसिंगलाच उघडते.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बरं, स्पेसर परत करतो. पण ते २६२ कसे आले ते पुन्हा सांग.”

मी वही उघडली.