पातळ यंत्रांची बळकटी

दुकानात लॅपटॉप पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम काय करतो? तो यंत्र उचलतो, तळहातावर तोलून पाहतो, कडेने त्याची जाडी निरखतो आणि पाठीवर एक टिचकी मारतो. आवाज धातूचा आला की त्याचे समाधान होते. हलके आहे, पातळ आहे, धातूचे आहे. तेव्हा ते चांगलेच असले पाहिजे, असे अनुमान तो काढतो. हे अनुमान कितपत खरे, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी तो केवळ यंत्रज्ञांचा नाही. मुलामुलींच्या शिक्षणासाठी शिल्लक मोडून ही वस्तू घेणारी कुटुंबे आज गावोगाव आहेत. आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिची बिजागरी उखडली, म्हणजे तो साऱ्या घराचा प्रश्न होतो.

प्रारंभी एक भेद लक्षात घेऊ. ‘बळकट’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. मोडण्यापूर्वी वस्तू किती भार सोसते, हा एक अर्थ. भाराखाली ती किती कमी वाकते, हा दुसरा. या दुसऱ्या गुणाला ताठपणा म्हणू. लॅपटॉपला हाच गुण अधिक हवा, कारण त्याच्या पोटात काचेचा पडदा आहे आणि बारीक डाख दिलेले शेकडो सांधे आहेत. कवच स्वतः न मोडता नुसते वाकले तरी आतील काच तडकू शकते.

सपाट पत्र्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा राहत नाही, एक अष्टमांश उरतो. जाडी नुसती एक पंचमांशाने कमी केली, तरी ताठपणा जवळजवळ अर्ध्यावर येतो. पातळ यंत्र बनविणाऱ्याची सारी धडपड या एका नियमाशी आहे.

आता पदार्थांकडे वळू. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा हे आपले माप धरा. तेवढ्याच जाडीचा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा तुकडा घेतला, तर त्याचा ताठपणा सुमारे एक तिसांश भरतो. परंतु प्लास्टिक हलके आहे. म्हणून वजन समान ठेवून ते सव्वादोन मिलिमीटर जाड करता येते, आणि मग त्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे प्लास्टिक मुळातच टाकाऊ आहे असे नव्हे. त्याला जाडी लागते, आणि जाडीच तर आपण नाकारली आहे. मॅग्नेशियमची गोष्ट याहून मौजेची आहे. जाडी समान ठेवली तर ते ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे तृतीयांशाने कमी ताठ. वजन समान ठेवले तर ते दीडपट जाड होते आणि जवळजवळ अडीचपट ताठ ठरते. यास्तव ज्याला वजन वाचवायचे तो मॅग्नेशियमच्या मिश्रधातूकडे वळतो. सोनीच्या १९९७ सालच्या वायो ५०५ या यंत्राचे कवच त्याचेच होते. टायटॅनियम हे नाव ऐकून आपण दबून जातो. पण समान वजनाच्या पत्र्यात त्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे तृतीयांशच येतो. तात्पर्य, नुसत्या धातूच्या नावाने काही सिद्ध होत नाही.

मग पातळ यंत्र उभे राहते कशाच्या बळावर? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. ताटाला काठ कशासाठी असतो? आमटी सांडू नये म्हणून, हे खरेच. पण तो काठ कापून टाका, की तेच ताट हातात लवू लागेल. छपराचा पत्रा नागमोडी असतो तोही याच कारणाने. द्रव्य तेच, वजन जवळपास तेच. आकार बदलला आणि ताठपणा कित्येक पटींनी वाढला.

हाच उपाय लॅपटॉपमध्ये आला. ॲपलने जानेवारी २००८ मध्ये मॅकबुक एअर पुढे आणला तेव्हा त्याची जास्तीत जास्त जाडी १९.४ मिलिमीटर आणि वजन १.३६ किलो होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या कंपनीने ॲल्युमिनियमचा ठोकळा यंत्राने कोरून अखंड कवच काढण्याची पद्धत आपल्या दुसऱ्या लॅपटॉपांत आणली. यात पुष्कळ धातूचा कीस होतो आणि तो पुन्हा वितळवावा लागतो. पण जेथे ताण येतो तेथे कणा राखता येतो आणि जेथे येत नाही तेथे भिंत पातळ करता येते. लेनोवोच्या २०१२ सालच्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनने दुसरी वाट धरली: कार्बनच्या तंतूंचे थर. हे तंतू आपल्या लांबीच्या दिशेने फार ताठ असतात, आडवे मात्र नाहीत. म्हणून वेगवेगळ्या दिशांनी थर रचावे लागतात. धातू आणि कार्बन दोन्ही रेडिओलहरी अडवितात. तेव्हा धातूच्या कवचाच्या कडेला प्लास्टिकची पट्टी दिसली तर ती लबाडी समजू नये. लहरींना जाण्यायेण्यासाठी ठेवलेली ती खिडकी आहे.

पृष्ठभागाविषयी थोडेसे. ॲपलच्या २००१ सालच्या टायटॅनियमच्या लॅपटॉपवर रंगाचा लेप होता, आणि तो कालांतराने उडे. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने त्याच धातूच्या ऑक्साइडचा थर वाढविता येतो. तो धातूतूनच उगवलेला असल्याने सोलून निघत नाही. मॅग्नेशियमला मात्र लेप हवाच. लेप खरवडला आणि वर घाम किंवा समुद्राची खारी हवा लागली, की ते गंजू लागते. मुंबई-रत्नागिरीकडील ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे.

श्रोतेहो, आता मुख्य मुद्दा. पुष्कळ स्वस्त यंत्रांत धातू असतो तो झाकणावर, म्हणजे टिचकी मारण्याच्या जागी. बिजागरीचे स्क्रू मात्र खाली प्लास्टिकमध्ये बसविलेल्या लहानशा पितळी नळ्यांत आवळलेले असतात. पडदा जागच्या जागी थांबावा म्हणून बिजागरी घट्ट ठेवतात; झाकण दर वेळी उघडताना तो जोर त्या नळ्यांवर येतो, आणि एके दिवशी त्या प्लास्टिकसकट उपटून येतात. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला हे दृश्य नवे नाही.

पातळपणाची आणखी एक किंमत आपण देतो. २००८ च्या त्या मॅकबुक एअरमध्ये मेमरी डाख देऊन कायमची बसविली होती आणि बॅटरी ग्राहकाला बाहेरून काढता येत नव्हती. पुढे ही रीत सर्वत्र पसरली. स्क्रूच्या जागी गोंद आला. पण हा निसर्गनियम नव्हे. अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये काढलेला लॅपटॉप सुमारे १६ मिलिमीटर जाड आणि १.३ किलो वजनाचा होता, आणि त्याचे बहुतेक भाग घरच्या घरी बदलता येत होते. म्हणजे पातळपणा आणि दुरुस्ती यांचे हाडवैर नाही. प्रश्न कारखानदाराच्या इच्छेचा आहे, आणि ती इच्छा ग्राहकाच्या प्रश्नांनी बदलते.

म्हणून खरेदीला जाल तेव्हा टिचकीवर थांबू नका. दुकानदाराला विचारून झाकण एका कोपऱ्याने हळूच उघडा. ते पिळवटते काय ते पाहा. कळफलकाच्या मध्यभागी बोट दाबा. तो खचतो काय ते पाहा. बिजागरी कशात बसविली आहे, बॅटरी स्क्रूने धरली आहे की गोंदाने, मेमरी बदलता येते की नाही, हे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजा. हातात हलके लागणारे यंत्र चार वर्षे संसाराला जड होऊ नये, एवढ्यासाठी दुकानातील ही पाच मिनिटे खर्च करण्यासारखी आहेत.