पत्रिकेवरची मोडी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ताडकळसला शेजारच्या घरी लग्न निघाले. पत्रिका मोठी देखणी होती. वर सोनेरी रंगात, वळणदार मोडी अक्षरांत एक ओळ आणि खाली नेहमीचा बाळबोध मजकूर. गावभर वाटली, सगळ्यांनी वाहवा केली. नव्वदीला टेकलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मात्र चष्मा पुसून ती दोनदा पाहिली आणि मला विचारले, "शायर, यात 'शुभविवाह' कुठं आहे हो?"

नव्हताच. छापणाऱ्या मुलाने एका फाँटमध्ये टाइप केलेला शब्द उचलून मोडी फाँटमध्ये टाकला होता. जुन्या फाँटांत प्रत्येकाची कळफलकाची मांडणी वेगळी, त्यामुळे फाँट बदलला की अक्षरेही बदलतात. कागदावर सुरेख दिसणारी ती ओळ म्हणजे निव्वळ अर्थहीन अक्षरे होती. हजार पत्रिका वाटल्या गेल्या आणि चूक एकाच माणसाच्या लक्षात आली.

मोडी ही नक्षी म्हणून जन्मली नाही. ती घाईची लिपी. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने ती रूढ केली असे परंपरा सांगते. शिवाजी महाराजांच्या काळात बाळाजी आवजी चिटणीसांमुळे तिला नेटके वळण आले आणि चिटणीशी वळणाचा दबदबा पुढे टिकला. लिहिण्याची रीत मजेदार आहे. आधी कागदावर आडवी रेघ मारून घ्यायची, या काठापासून त्या काठापर्यंत. मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरे लोंबवत जायचे. काना अक्षराच्या फटकाऱ्यातच येतो. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. (शाळेत शुद्धलेखनाला मार खाल्लेल्यांनी इथे सुस्कारा सोडायला हरकत नाही.)

असे वाहते अक्षर खिळ्यात कसे बसवायचे? तो प्रयत्न झाला बंगालमधल्या श्रीरामपूरला. आपले साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे. तिथे विल्यम कॅरीने १८१० साली मराठीचा कोश मोडी खिळ्यांत छापला. पुढे छापखान्यांनी बाळबोधच पसंत केली, कारण बाळबोधीत प्रत्येक अक्षर सुटे उभे राहते. मोडी दप्तरात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तिथूनही उठली.

उर्दूची अडचण याच जातीची. नस्तालीक अक्षरे उजवीकडून डावीकडे उतरत जातात, शेजार बदलला की रूप बदलतात. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हाताने लिहून मग छापली जात. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून 'नूरी नस्तालीक' तयार झाला, तेव्हा त्यात वीस हजारांच्या आसपास जोडरूपे भरावी लागली. मोडीच्या वाट्याला एवढा खर्च कोण करणार? तरी २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीची ७९ चिन्हे आली, फुकटचे फाँटही मिळू लागले.

हे फाँट मला आवडतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, दुकानाच्या पाटीवर, संस्थेच्या मुद्रेवर शोभतात, आणि मुळाक्षरे शिकायला तर उत्तमच. पण फाँटमधला 'क' दर वेळी तोच 'क' असतो. शब्दाशब्दांत जागा सुटल्यामुळे ती सलग रेघही तुटते. लांबलचक मजकूर त्यात वाचवत नाही.

माझे स्वतःचेच सांगतो. आजोबांच्या शेताचे एक खरेदीखत आमच्या पेटीत आहे. साल फसली १३३९, म्हणजे इसवी १९२९-३०. निजामाच्या मुलखातला कागद, मजकूर मोडीत आणि वरचा शेरा उर्दूत. शेरा मी वाचला. मोडीसाठी फाँटवरून तक्ता छापून दोन महिने घोकंपट्टी केली. मग अक्षरे लावत लावत विहिरीच्या हिश्शापर्यंत पोचलो. तिथे दोन उभ्या रेघा. जुन्या रीतीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. निम्मी विहीर आमची! चुलतभावाशी पाण्याच्या पाळीवरून आमचे बरीच वर्षे बिनसलेले होते. मी कागद घेऊन त्याच्याकडे निघालोच होतो, पण आधी गुरुजींना दाखवावा म्हटले.

गुरुजींनी मोडी पटवारी वडिलांच्या दप्तरावर बसून शिकलेली. त्यांनी कागद उन्हात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दुसरी रेघ शाईची नाही. घडीची आहे."

पाव हिस्सा. चुलतभाऊ म्हणत होता तेवढाच. त्या संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, चहा घेतला, कागद दाखवला. तो काही बोलला नाही, फक्त आपली पाळी कोणत्या वारी ते पुन्हा एकदा सांगितले.

पत्रिकेचे सांगायचे राहिले. तो छापणारा मुलगा हुशार निघाला. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत मोडी मथळ्याची पत्रिका आली, की तो पहिली प्रत काढून गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसायचा. गुरुजी बोटाने एकेक अक्षर दाबत वाचायचे, आणि कुठे अडले तर त्याच्याच पेनाने समासात दुरुस्त करून द्यायचे.