हेमलकशाचे डॉक्टर सगळ्याच आजारांचे कसे झाले?

सूरजागडच्या लोहखनिजामुळे एटापल्ली तालुका आता सतत बातम्यांत असतो. शेजारच्या भामरागडला मात्र पन्नास वर्षांपूर्वी पावसाळ्यात पोहोचणेच अवघड होते. नाले भरले की रस्ता संपला.

तिथे हेमलकशात २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. नागपुरातले शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून डॉ. प्रकाश आमटे आले. सोबत भूलशास्त्र शिकलेल्या पत्नी डॉ. मंदाकिनी. वीज नाही, एक्स-रे नाही आणि सुरुवातीला रुग्णही नाहीत. आजारी माडिया माणूस आधी पुजाऱ्याकडे जाई. म्हणून दोघे माडिया भाषा शिकले. कुठे दुखते हेच विचारता येत नसेल, तर पदवी काय कामाची?

मग मलेरिया, सर्पदंश, अस्वलाने फाडलेला चेहरा, अडलेली बाळंतीण असे सगळेच दारात आले. ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणायची सोय नव्हती.

अठराव्या शतकात स्वीडनमध्येही एकेक प्रांतिक डॉक्टर असाच मोठा मुलूख सांभाळी. फरक एवढाच, की त्याला सरकारने नेमलेले असे. आमटेंच्या त्यागाचे कौतुक पुष्कळ झाले. ही जागा आधी रिकामी का होती, हे फारसे विचारले गेले नाही.

आता डॉ. दिगंत आणि डॉ. अनघा आमटे तिथे रुग्ण तपासतात. २०२४ च्या पावसाळ्यातही पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले आणि भामरागडचा संपर्क तुटला. हेमलकसा नदीच्या अलीकडे आहे.